परदेशी बनावटीचा घरगुती इलेक्ट्रॉनिक ऑर्गन: निवड, खरेदी आणि निगा

मराठी वाचकाला ऑर्गन म्हटले की संगीत नाटकातला, पायाने भाता चालवत वाजवायचा ऑर्गन आठवतो. हा लेख त्या वाद्याबद्दल नाही. येथे विजेवर चालणाऱ्या घरगुती ऑर्गनचा विचार केला आहे: एकावर एक असे दोन कीबोर्ड, पायाखाली खर्जाच्या स्वरांची पेडले, उजव्या पायाजवळ आवाज कमी-जास्त करणारे वेगळे पेडल, आणि बहुधा स्पीकरसकट हे सारे एकाच लाकडी पेटीत. मी इंग्लंडमध्ये राहते आणि असे दोन ऑर्गन, एक अमेरिकी व एक जपानी, गेली बरीच वर्षे सांभाळते आहे. १९७० च्या दशकात हे वाद्य येथे बैठकीच्या खोलीत मानाने ठेवले जाई, आणि ऑर्गन ऐकणाऱ्या-वाजवणाऱ्यांची मंडळे ठिकठिकाणी होती. त्यांतली काही अजूनही भरतात. वाद्ये मात्र बहुतांशी बाहेरची: हॅमंड, लाउरी, थॉमस ही अमेरिकी नावे, यामाहा, टेक्निक्स, कावाई, रोलँड ही जपानी, तर वर्सी आणि बोम ही जर्मन.

आज यांपैकी टेक्निक्स आणि रोलँड घरगुती ऑर्गनमधून बाहेर पडल्या आहेत, लाउरीचे उत्पादन २०१८-१९ च्या सुमारास थांबले, आणि यामाहा ‘इलेक्टोन’ या नावाचे आपले ऑर्गन अजून बनवत असली तरी ते मुख्यतः जपान आणि आशियातल्या काही देशांसाठी. ज्यांनी उमेदीत ही वाद्ये घेतली ती पिढी थकली आहे. घर लहान करताना किंवा घर रिकामे करताना मुले ऑर्गन अगदी थोड्या पैशांत, अनेकदा ‘फक्त घेऊन जा’ म्हणून देऊन टाकतात. म्हणूनच किंमत पाहून निर्णय घेणे या बाजारात फसवे ठरते. फुकट मिळालेला ऑर्गन वर्षभरात कोपऱ्यातले जड कपाट होऊन बसतो, आणि थोडे पैसे देऊन घेतलेला दुसरा पंधरा वर्षे वाजतो, हे मी दोन्ही पाहिले आहे. वाद्यापाशी जाण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हा ऑर्गन पुढची दहा वर्षे कोण दुरुस्त करणार आणि कोणत्या भागांनी? पुढचे सारे टप्पे याच प्रश्नाच्या उत्तरासाठी आहेत.

पहिला टप्पा: वाद्याची पिढी ओळखा

दुरुस्तीच्या दृष्टीने घरगुती ऑर्गनच्या तीन पिढ्या मानाव्यात, आणि गंमत अशी की सर्वांत जुनी पिढी सांभाळायला बरेचदा सर्वांत सोपी असते.

पहिली पिढी चाकांची. लॉरेन्स हॅमंड यांनी १९३५ मध्ये बाजारात आणलेल्या ऑर्गनमध्ये एक मोटर दातेरी धातूची चाके फिरवते, प्रत्येक चाकासमोर चुंबक आणि तारेचे वेटोळे असते, आणि चाकाच्या दातांमुळे त्या वेटोळ्यात स्वर उमटतो. प्रसिद्ध बी-३ मध्ये अशी ९१ चाके आहेत. हे बांधकाम १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालले. यात गूढ असे काही नाही; व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्या), कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग), तारा, तेल. सुटे भाग अजून मिळतात, कारण जॅझ आणि रॉक वाजवणाऱ्यांनी हे वाद्य सोडलेले नाही. घरासाठी मात्र बी-३ चा हट्ट नको. बाक आणि पेडलांसह ते सुमारे १९० किलो भरते. एम-१०० किंवा एल-१०० मालिकेतले लहान हॅमंड, ज्यांत दोन्ही कीबोर्डांवर ४४-४४ पट्ट्या आणि खाली १३ पेडले असतात, घरगुती वादनाला पुरेसे होतात आणि खूपच स्वस्त मिळतात.

दुसरी पिढी ट्रान्झिस्टरची. यामाहाने १९५९ मध्ये डी-१ हा पहिला इलेक्टोन आणला, तो पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा होता. पुढची पंचवीसेक वर्षे बहुतेक कारखान्यांनी हीच वाट धरली. या वाद्यांत सर्वांत वरच्या सप्तकाचे बारा स्वर तयार होतात आणि त्यांच्या कंपनसंख्येला दोनने भागत भागत खालची सप्तके मिळवली जातात. हे तत्त्व लक्षात ठेवा, तपासणीच्या वेळी ते उपयोगी पडेल. साधे ट्रान्झिस्टर आजही बदलता येतात. परंतु १९७० च्या दशकात बारा स्वरांसाठी जी एकच चिप बसवली जाऊ लागली ती गेली, तर जुन्या साठ्यातून किंवा दुसऱ्या मोडक्या वाद्यातून मिळवावी लागते. याच पिढीतल्या वर्सी आणि बोमबद्दल एक खास सूचना. या दोन्ही कंपन्या सुट्या भागांचे संच विकत आणि ग्राहक घरी स्वतः झाळकाम करून ऑर्गन बांधत. त्यामुळे एकाच मॉडेलची दोन वाद्ये कारागिरीत जमीन-अस्मानाइतकी वेगळी असू शकतात. मागची फळी काढून झाळकाम पाहिल्याशिवाय असे वाद्य घेऊ नये, आणि बांधणीची मूळ पुस्तिका सोबत असेल तर तिला वाद्याइतकेच महत्त्व द्यावे.

तिसरी पिढी १९८० च्या दशकापासूनची, डिजिटल. आवाज सुंदर, ताल आणि साथ भरपूर, मिडीची (वाद्य संगणकाशी किंवा दुसऱ्या वाद्याशी जोडण्याची) सोय, आणि आपल्या दृष्टीने मोठा फायदा म्हणजे एका बटणावर पट्टी बदलता येते. गायकाची पांढरी दोन असो की काळी पाच, बोटे तीच राहतात. यांचे दुखणे एवढेच की आतल्या चिप कंपनीने स्वतःसाठी घडवलेल्या असतात आणि बाजारात मिळत नाहीत. मुख्य बोर्ड गेला की तसेच दुसरे वाद्य शोधावे लागते. म्हणून डिजिटल ऑर्गन घेताना दुर्मीळ, मिरवण्याचे मॉडेल टाळावे आणि जे पुष्कळ खपले होते ते घ्यावे. त्याचे भाऊबंद भंगारात निघत राहतात आणि तेच तुमचे सुट्या भागांचे दुकान असते.

दुसरा टप्पा: विजेचा हिशेब

ब्रिटन आणि भारत दोन्हीकडे घरची वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे हा भाग लेस्टरच्या वाचकाला लागू आहे तसाच पुणे-पणजीच्या वाचकालाही. अमेरिकेची वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. जपानची १०० व्होल्ट. पूर्वेकडे ५० हर्ट्झ आणि पश्चिमेकडे ६०.

डिजिटल आणि बहुतेक ट्रान्झिस्टर ऑर्गनना फक्त व्होल्ट जुळवून चालते. वाद्याच्या मागच्या माहितीपट्टीवर लिहिलेले वॅट पाहावेत आणि साधारण दुप्पट क्षमतेचा, व्होल्ट उतरवणारा खरा ट्रान्सफॉर्मर घ्यावा. प्रवासात वापरतात ते हलके ‘कन्व्हर्टर’ येथे चालत नाहीत. जपानी १०० व्होल्टच्या वाद्याला अमेरिकेसाठीचा १२० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावू नये. माझ्या जपानी इलेक्टोनचा प्लग मी ट्रान्सफॉर्मरच्या सॉकेटमध्ये बसवून वर पत्र्याचा पट्टा आवळला आहे, कारण घरी आलेल्या एखाद्या हौशी पाहुण्याने तो काढून सरळ भिंतीत लावला तर वीजपुरवठ्याचा भाग एका क्षणात जळेल.

चाकांच्या हॅमंडचे गणित मात्र वेगळे आहे, आणि ते मी पैसे मोजून शिकले. माझा पहिला ऑर्गन अमेरिकेहून आलेला लहान हॅमंड होता. विक्रेत्याने ट्रान्सफॉर्मर लावला की झाले, असे सांगितले आणि मी विश्वास ठेवला. घरी आणून सुरू केला, आवाज गोड आला, पण शेजारी ठेवलेल्या हार्मोनियमशी काही केल्या जुळेना. पांढरी एक दाबली की खालच्या सप्तकातली पांढरी सहा ऐकू येई. कारण सरळ आहे: त्या मोटरीचा वेग विजेच्या हर्ट्झवर बांधलेला असतो. ६० ऐवजी ५० हर्ट्झ मिळाले की चाके पाच-षष्ठांश वेगाने फिरतात आणि सगळे वाद्य सुमारे तीन अर्धस्वरांनी, म्हणजे काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्यांनी, खाली उतरते. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. उपाय म्हणजे मोटरीसाठी १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची स्वच्छ साइन लहर देणारे वेगळे उपकरण बसवणे. मोटरीला वीज थोडी लागत असल्याने ते लहान असले तरी चालते, पण ते जाणकाराकडूनच जोडून घ्यावे आणि त्याचा खर्च ऑर्गनच्या किमतीहून सहज जास्त होऊ शकतो. म्हणून हॅमंड घेताना माहितीपट्टीवरचे ‘५०’ किंवा ‘६०’ हे दोन अंक आधी वाचावेत, मग बाकीचे पाहावे. फिरत्या शिंगाचा लेस्ली स्पीकर सोबत असेल तर त्याच्या मोटरींनाही हेच लागू.

तिसरा टप्पा: प्रत्यक्ष पाहणी

फोनवर बोलताना दोन गोष्टी मागाव्यात: मागच्या माहितीपट्टीचा स्पष्ट फोटो आणि ‘आम्ही येईपर्यंत वाद्य सुरू करू नका’ ही विनंती. अनेक बिघाड थंड असतानाच दिसतात आणि वीस मिनिटे तापल्यावर लपतात. वाद्य वर्षानुवर्षे बंद असेल तर मात्र ते एकदम सुरू करायला लावू नये. जुने कपॅसिटर पूर्ण व्होल्टवर फुटू शकतात. तशा वेळी व्होल्ट हळूहळू वाढवणारा व्हेरिअ‍ॅक असलेला तंत्रज्ञ सोबत न्यावा, किंवा ‘बंद वाद्य’ समजूनच किंमत ठरवावी.

जुन्या हॅमंडवर ‘स्टार्ट’ आणि ‘रन’ अशी दोन बटणे असतात. स्टार्ट सुमारे आठ सेकंद दाबून धरावे, ते न सोडता रन चालू करावे, आणखी चारेक सेकंदांनी स्टार्ट सोडावे. मालकाला हे ठाऊक नसल्याने ‘मोटर बिघडली आहे’ म्हणून वाद्य मातीमोलाने जाते, असेही घडते.

मग तपासणी. गाणे वाजवू नका. गाण्यात दोष झाकले जातात. ताल, कंपन, घुमारा सारे बंद करा, आठ फुटी (८′, म्हणजे पट्टीच्या मूळ उंचीच्या) फ्लूटचा एकच साधा आवाज ठेवा आणि वरच्या कीबोर्डची प्रत्येक पट्टी डावीकडून उजवीकडे एकेक करून दाबा, मग खालचा कीबोर्ड, मग पेडले. एखादी पट्टी खरखरत असेल किंवा दोनदा दाबल्यावर बोलत असेल, तर बहुधा संपर्कबिंदूंवर धूळ बसली आहे, हे सुधारते. ट्रान्झिस्टर ऑर्गनमध्ये एकच स्वर सर्व सप्तकांत मुका किंवा बेसूर असेल, तर दोष वरच्या मूळ स्वराच्या निर्मितीत आहे. तोच स्वर वर नीट वाजतो आणि एका सप्तकापासून खाली गायब होतो, तर भागाकार करणाऱ्या भागात आहे. सलग आठ-दहा पट्ट्या एकदम मेलेल्या असतील, तर सुटलेली केबल किंवा कीबोर्ड वाचणारा भाग पाहावा. यानंतर प्रत्येक स्टॉप (आवाज निवडायची कळ), प्रत्येक ड्रॉबार (आवाजाचे मिश्रण ठरवणारी ओढायची दांडी), प्रत्येक बटण तपासा.

आवाजाचे पेडल सावकाश वर-खाली करा. अनेक ऑर्गनमध्ये या पेडलात एक लहान दिवा आणि प्रकाशाला प्रतिसाद देणारा एक रोधक असतो, मध्ये सरकणारा पडदा. दिवा गेला की आवाज पूर्ण बसतो किंवा एकाच पातळीला अडकतो. विक्रेत्याला वाटते अ‍ॅम्प्लिफायर गेला. दिवा मात्र अगदी स्वस्त वस्तू आहे.

डिजिटल वाद्यात पडद्यावरची अक्षरे, फ्लॉपी चालते का, आणि वाद्य बंद करून पुन्हा सुरू केल्यावर जपलेले आवाज जागेवर राहतात का, हे पाहा. राहत नसतील तर आतली बॅटरी संपली आहे. शेवटी मागची फळी उघडायला सांगा आणि टॉर्च मारा. बोर्डावर हिरवट-पांढरी बुरशीसारखी साय दिसली, तर बॅटरी गळून तांबे खाल्ले गेले आहे. असे डिजिटल वाद्य कितीही स्वस्त असले तरी सोडावे. उंदरांच्या लेंड्या, कुरतडलेल्या तारा, भुसा, स्पीकरच्या कडेचा चुरा झालेला स्पंज याही गोष्टी तेव्हाच दिसतात. स्पंज बदलता येतो. उंदरांनी खाल्लेल्या शेकडो बारीक तारा बदलण्यात मात्र महिने जातात.

वाहतूक

दाराची रुंदी, जिन्याचे वळण आणि लिफ्ट आधी मोजा. पेडलांचा संच आणि बाक वेगळे काढा. इलेक्टोनचा वरचा भाग बहुधा पायांपासून सुटा होतो. पट्ट्यांखालच्या ओठासारख्या कडेला धरून कधीही उचलू नका. हॅमंडचा चाकांचा संच स्प्रिंगवर तरंगता असतो, तो वाहतुकीच्या बोल्टांनी आवळूनच हलवावा आणि घरी आल्यावर ते बोल्ट सैल करण्यास विसरू नये. वाद्य थंडीतून उबदार खोलीत आले असेल तर आत दव धरते. एक रात्र जाऊ द्या, मग वीज द्या.

परदेशातून मागवत असाल तर लाकडी खोक्यावर आयएसपीएम १५ चा (लाकूड कीडमुक्त केल्याचा आंतरराष्ट्रीय) शिक्का हवा, नाहीतर माल बंदरात अडकू शकतो. ब्रिटनमध्ये आयातीवर किंमत, भाडे आणि शुल्क यांच्या बेरजेवर २० टक्के व्हॅट पडतो. भारतात वापरलेल्या मालाच्या आयातीवर निर्बंध आहेत, म्हणून पैसे पाठवण्यापूर्वी कस्टम एजंटकडून लेखी उत्तर घ्यावे.

घरी आल्यावरचा पहिला महिना

पहिले काम वाजवणे नाही. आत आहे ते जपून ठेवणे हे आहे. जुन्या मालकाने जुळवलेले आवाज, तालाच्या नोंदी, फ्लॉपीवरची गाणी, हे सारे एका बॅटरीच्या आणि एका चुंबकीय तबकडीच्या भरवशावर असते. प्रत्येक फ्लॉपीची लेखनबंदीची खिडकी उघडी करा आणि संगणकावर तिची संपूर्ण प्रतिमा उतरवा. काही व्यावसायिक फ्लॉपींना नक्कल-प्रतिबंध असतो, त्या तशाच कोरड्या जागी जपाव्यात. काही इलेक्टोनमध्ये स्मार्टमीडिया कार्डे लागतात. त्यांचे उत्पादन थांबले आहे, म्हणून मिळतील तेव्हा दोन जास्त घेऊन ठेवा. फ्लॉपीचा यंत्रभाग पुढे बिघडतोच. त्याच्या जागी पेनड्राइव्ह वाचणारा गोटेकसारखा पर्याय बसतो, पण प्रत्येक ऑर्गनला तो जुळतोच असे नाही. त्याच मॉडेलवर कोणी तो बसवला आहे का, हे आधी शोधा.

नोंदी उतरवून झाल्यावर बॅटरी बदला. सपाट नाण्यासारखी बॅटरी खाचेत असेल तर काम पाच मिनिटांचे. झाळलेली असेल तर तंत्रज्ञाकडून काढून तेथे खाच बसवून घ्या. मूळ सर्व्हिस मॅन्युअल मिळवणे हेही याच महिन्यातले काम. आराखडा हातात असेल तर रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा जुना कारागीरही ऑर्गनला हात लावतो. आराखडा नसेल तर तज्ज्ञही नकार देतो.

जुन्या अमेरिकी वाद्यांना दोनच तारांची वायर असते, अर्थिंग नसते. तीन तारांची वायर आणि योग्य फ्यूज विद्युत जाणकाराकडून बसवून घ्या. व्हॉल्व्हच्या वाद्यात तीनशेहून अधिक व्होल्ट असू शकतात आणि प्लग काढल्यानंतरही ते कपॅसिटरमध्ये साठून राहतात, म्हणून फळी उघडून आत हात घालण्याचे धाडस शिकल्याशिवाय करू नका.

वर्षभराची निगा

वाजवणे हीच निम्मी निगा आहे. रोज अर्धा तास सर्व पट्ट्या, सर्व ड्रॉबार हलले तर संपर्कबिंदू स्वतःच घासून स्वच्छ राहतात. महिनोन्महिने झाकून ठेवलेला ऑर्गन वापरातल्या ऑर्गनपेक्षा लवकर बिघडतो. कोकण, मुंबई, गोवा येथे पावसाळ्यात तो दिवसाआड तासभर नुसता चालू ठेवला तरी आतली ऊब ओल बाहेर ठेवते. बाहेरच्या भिंतीपासून वीतभर दूर ठेवा, आत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा आणि त्या वेळेवर वाळवा. वाळवीसाठी पाये आणि मागची फळी दर ऋतूत पाहा. वादळात प्लग काढून ठेवा. वर फुलदाणी आणि समई नको.

पट्ट्यांचे संपर्कबिंदू स्वच्छ करायला शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा संपर्कबिंदूंसाठीचेच द्रावण वापरावे, तेही कापसावर घेऊन, बेताने. दारा-कुलपांवर मारतात ते तेलकट फवारे ऑर्गनमध्ये मारू नयेत. त्यांचा थर राहतो, धूळ चिकटते आणि सहा महिन्यांत दोष दुप्पट होतो. डिजिटल कीबोर्डखालच्या रबरी पट्ट्या काढून नुसत्या मऊ कापडाने पुसल्या तरी बऱ्याच मुक्या पट्ट्या बोलू लागतात. एकसारखा गुणगुणाट ऐकू येऊ लागला, तर वीजपुरवठ्यातले मोठे कपॅसिटर थकले आहेत असे समजून ते बदलून घ्या. १९६० च्या दशकापासूनच्या काही हॅमंडमध्ये पट्ट्यांखाली घातलेला स्पंज कालांतराने चिकट होऊन आसपासचा धातू खातो. तो काढणे वेळखाऊ आहे, पण पुढे ढकलू नये.

चाकांच्या हॅमंडला वर्षातून एकदा तेल लागते. त्यासाठी हॅमंडचेच पातळ तेल घ्यावे. शिवणयंत्राचे किंवा सायकलचे तेल कालांतराने घट्ट होते आणि चाके जखडतात. संचावरच्या लहान नरसाळ्यांत ते सावकाश ओतायचे असते, तेथून सुती दोऱ्यांच्या वाटेने ते प्रत्येक धारव्यापर्यंत (बेअरिंगपर्यंत) झिरपत जाते. या झिरपण्याला दिवस लागतात. म्हणून अनेक वर्षे कोरड्या राहिलेल्या वाद्याला तेल घालून लगेच मोटर फिरवू नये. माझा हॅमंड माझ्याकडे आला तेव्हा त्याची मोटर कुरकुरत होती. मी तेल घातले, दहा दिवस थांबले, आणि अकराव्या दिवशी ती आवाज न करता फिरली.

त्या ऑर्गनच्या बाकाचे झाकण उघडले की आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेल्या तारखा दिसतात. आधीच्या मालकाने प्रत्येक वेळी तेल घातल्यावर तारीख टाकली आहे, शेवटची काही अक्षरे थरथरत्या हाताची. मी त्याच रांगेखाली माझ्या तारखा लिहिते, आणि शेजारी बदललेले व्हॉल्व्ह, कपॅसिटर आणि दुरुस्त करणाऱ्याने सांगितलेल्या खुणाही. तुमच्या वाद्यात अशी नोंद नसेल तर आजपासून सुरू करा, वहीत नको, बाकाच्या झाकणावरच. वही हरवते, बाक ऑर्गनबरोबर पुढच्या घरी जातो.